गिरवलेली रेषा : अजिंठ्यापासून निर्मलपर्यंत



स्मृतिव्याख्यानासाठी राज्यक्रांत्यांचा किंवा संतवाङ्मयाचा विषय घेण्याची आपल्याकडे रीत आहे. मी मात्र चित्रकलेच्या तासाला होणारा एक जुना वाद विषय म्हणून घेतला आहे. पुस्तकातील चित्रावर पातळ कागद ठेवून एखादा मुलगा ते उतरवून घेतो. शिक्षक पाहतात आणि कागद काढून घेतात. ही नक्कल आहे, चित्र नव्हे, असे बजावतात. घरी आजोबा म्हणतात, अरे, आम्ही गिरवूनच शिकलो, गिरवल्याशिवाय हात वळतो का? दोघेही अनुभवी, दोघेही मुलाच्या हिताचेच बोलतात. मूल मात्र गोंधळते. पुढे कधीतरी ते ‘मला चित्र येत नाही’ असे ठरवून मोकळे होते, आणि हा निर्णय बहुधा जन्मभर टिकतो. या सभागृहात असे निर्णय घेऊन बसलेली मंडळी थोडीथोडकी नसावीत.

या वादाचा निकाल मतांच्या जोरावर लागणार नाही. इतिहासाला मात्र त्याविषयी पुष्कळ सांगता येते, आणि त्या इतिहासाचा महत्त्वाचा भाग आपल्या परिसरातच घडला आहे. अजिंठा आणि आदिलाबाद ही नावे आज दोन राज्यांत आहेत. परंतु १९५६ पूर्वी ती एकाच हैदराबाद राज्याच्या नकाशावर होती. त्या वर्षी किनवट आणि राजुरा आपल्या जिल्ह्यातून वेगळे झाले, आणि येथील मराठी बोलणाऱ्यांमध्ये राज्याची सीमा आली. अजिंठ्याच्या भिंतीवरील रेषा कागदावर उतरवून घेण्याचा मोठा उद्योग त्याआधीच होऊन गेला होता.

प्रथम आपल्या भाषेकडे पाहू. मराठीत ‘गिरवणे’ हे क्रियापद अक्षरांसाठी आहे, चित्रासाठी नाही. पंतोजींच्या शाळेत धूळपाटीवर अक्षर काढून देत आणि मुलगा त्याच्यावरून बोट किंवा काडी फिरवी. पुढे बोरू हाती आला की कित्ता आला. ‘कित्ता गिरवणे’ या शब्दप्रयोगाने तर शाळेची वेस ओलांडून नीतिशास्त्रात प्रवेश केला. समर्थांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेला दिला आहे. त्यावरून सुवाच्य अक्षर हा त्या काळी किती गंभीर विषय होता, याची कल्पना येते. आपल्या जिल्ह्यात १९४३ साली क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांच्या योजनेतून मार्लवाई येथे गोंड शिक्षकांचे प्रशिक्षण सुरू झाले. तेथे गोंडी भाषेची पहिली वाचनपुस्तके देवनागरी लिपीत तयार झाली. लिपी शिकण्याचा मार्ग असा हातातून जातो, आणि अक्षराच्या बाबतीत गिरवण्याला कोणी हरकत घेत नाही.

याचे कारण उघड आहे. ‘क’ हा सर्वांचा सारखाच असावा लागतो. अक्षराला ठरलेले रूप आहे; ते हाताच्या अंगवळणी पडले की काम झाले. चित्राचे तसे नाही. समोरचा तांब्या कोणत्या बाजूने पाहिला, उजेड कोठून आला, यावर त्याचे रूप बदलते. म्हणून अक्षराची रीत जशीच्या तशी चित्राला लावणारे आजोबा पूर्ण बरोबर नाहीत. ते पूर्ण चूक आहेत, असेही मात्र म्हणता येत नाही.

सरकारी कचेरीने हा फरक फार नेमका ओळखला आहे. पाटबंधारे, सार्वजनिक बांधकाम, नगररचना अशा खात्यांत ‘अनुरेखक’ आणि ‘आरेखक’ अशी दोन पदे असत. अनुरेखक म्हणजे तयार नकाशावर पारदर्शक कागद ठेवून तो उतरवून घेणारा, आणि आरेखक म्हणजे नकाशा मुळातून काढणारा. पहिले पद खालचे, दुसरे वरचे. चित्रकलेवरील कित्येक ग्रंथांत जे स्पष्ट होत नाही, ते वेतनश्रेणीच्या तक्त्यात स्पष्ट आहे!

हाच भेद चीनमध्ये आठशे वर्षांपूर्वी अधिक सूक्ष्मतेने मांडला गेला. तेथे अक्षरकला ही चित्रकलेचीच सख्खी बहीण मानली जाते. जुन्या लेखनावर कागद ठेवून उतरवणे आणि ते शेजारी ठेवून पाहत पाहत काढणे, या दोन क्रियांना तेथे दोन स्वतंत्र शब्द आहेत. बाराव्या-तेराव्या शतकातील कवी आणि अक्षरमर्मज्ञ ज्यांग क्वेइ याने दोहोंचा हिशेब मांडला आहे. त्याच्या मते, वर कागद ठेवून उतरवले तर अवयवांच्या जागा बिनचूक येतात, पण कुंचल्याचा भाव निसटतो. पाहून काढले तर भाव पुष्कळसा येतो, पण जागा चुकतात. नवशिक्याला मात्र उतरवण्यापासून सुटका नाही, कारण त्यामुळे हाताला शिस्त लागते. त्यानंतर उत्तम नमुना समोर ठेवून तो रात्रंदिवस न्याहाळावा आणि मग पाहून काढावा, असे तो सांगतो. माझ्या समजुतीप्रमाणे या वादात इतके नेमके दुसरे कोणी बोललेले नाही. जागा आणि भाव हे दोन शब्द आपण पुढे लक्षात ठेवू.

आता युरोपातील एक ग्रंथ पाहू, कारण तो आपल्याला थेट अजिंठ्यात नेणार आहे. इ. स. १४०० च्या सुमारास चेन्निनो चेन्निनी या इटालियन चित्रकाराने आपल्या धंद्याची सर्व कृती लिहून ठेवली. तीत पारदर्शक कागद तयार करण्याच्या पद्धती आहेत : करडाचे कातडे खरवडून पातळ करावे, किंवा पातळ कागदाला जवसाचे तेल लावावे. आपल्याकडील मुले कागदाला खोबरेल तेल चोळून भारताचा नकाशा उतरवीत. तेल निराळे, युक्ती तीच. तोच चेन्निनी पुढे असेही सांगतो की, सर्वांत श्रेष्ठ मार्गदर्शक म्हणजे निसर्गावरून रेखाटन. उतरवण्याला त्याने नाव ठेवलेले नाही आणि त्यावर थांबूही दिलेले नाही. हिंदुस्थानातील दरबारी चित्रशाळांतही हीच सोय होती. हरणाच्या पातळ कातड्यावर चित्राच्या बाह्यरेषा उतरवून घेत. त्याला ‘चरबा’ म्हणत. त्या रेषेवर सुईने भोके पाडून कोळशाची पूड वरून थापटली की आकृती खालच्या कागदावर ठिपक्यांनी उमटे. दिवाळीत दारापुढे रांगोळीचा पत्र्याचा छापा ठेवून आपण जे करतो, त्याचेच हे खानदानी रूप.

चेन्निनीच्या या ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर १८९९ साली प्रसिद्ध झाले. भाषांतर करणाऱ्या क्रिस्टियाना हेरिंगहॅम या स्वतः चित्रकर्त्री होत्या. दहा वर्षांनी, १९०९ ते १९११ या काळातील दोन हिवाळ्यांत, त्या अजिंठ्याला आल्या आणि चित्रांच्या नकला करण्यास बसल्या.

त्यांच्यापूर्वी दोन मोठे प्रयत्न झाले होते. मद्रास सैन्यातील रॉबर्ट गिल १८४४ पासून अजिंठ्यात राहून तैलरंगात नकला करीत होता. त्यातील बहुतेक १८६६ साली लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. त्यानंतर मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ ते १८८५ या काळात आपले विद्यार्थी नेऊन काम केले. त्यातील बऱ्याच नकला १८८५ साली लंडनमध्येच आगीच्या भक्ष्यस्थानी पडल्या. उरलेल्या साहित्यावर ग्रिफिथ्स यांचे दोन खंड १८९६-९७ मध्ये निघाले. भिंतीवर टिकलेल्या चित्रांच्या नकला दोनदा विलायतेत जळाव्यात, हा दैवदुर्विलास वेगळाच.

आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने ग्रिफिथ्स यांचा प्रयोग फार बोलका आहे. जे. जे. शाळा १८५७ ची, आणि तिच्यावर लंडनच्या साउथ केन्सिंग्टन पद्धतीची छाया. त्या पद्धतीत विद्यार्थ्याने छापील नमुना पाहून बाह्यरेषा काढायची, मग प्लॅस्टरचे साचे, मग पुढचे. अशा शिस्तीत घडलेली मुले वर्षानुवर्षे अजिंठ्याच्या रेषेच्या सान्निध्यात राहिली. फळ काय मिळाले? नकला उत्तम झाल्या. पण त्या चमूतील पेस्तनजी बोमनजी यांची कीर्ती झाली ती पाश्चात्त्य रीतीच्या व्यक्तिचित्रांमुळे आणि पारशी घरांतील प्रसंगचित्रांमुळे. त्या पिढीच्या स्वतंत्र चित्रांत अजिंठ्याची रेषा शोधावी लागते. भिंतीवरची रेषा कापडावर आली. ती हातात मुरली, असे म्हणवत नाही. कारण हेतूच वेगळा होता. नाश पावत चाललेल्या चित्रांची नोंद ठेवणे आणि नक्षीकामासाठी नमुने जमवणे हे ते काम होते.

हेरिंगहॅम यांच्या मदतीला कलकत्त्याहून नंदलाल बोस, असितकुमार हलदार, समरेंद्रनाथ गुप्त आणि म्हैसूरचे वेंकटप्पा आले. हैदराबाद राज्यातून सय्यद अहमद आणि मुहम्मद फझलुद्दीन हे दोन चित्रकार आले. अशा कामात भिंतीशी पारदर्शक कागद धरून बाह्यरेषा उतरवणे ही पहिली पायरी. गुहेत उजेड अपुरा, वटवाघळांचा त्रास, आणि भिंतीला धक्का लागू न देता कागद धरायचा. मात्र खरे काम त्यानंतर सुरू होई. उतरवलेल्या आराखड्यावर रंग आणि रेषेचा जोर भरताना पुन्हा पुन्हा भिंतीकडे पाहावे लागे. कोठे रेषा जाड होते, कोठे विरते, बोटाच्या वळणात ती कशी क्षणभर थबकते, हे कागद सांगत नव्हता. ज्यांग क्वेइच्या भाषेत बोलायचे, तर जागा कागदाने दिल्या, भाव डोळ्याने मिळवायचा होता.

या एकाच कामातून निघालेल्या दोन वाटा मला महत्त्वाच्या वाटतात. नंदलाल शांतिनिकेतनला गेले. कलाभवनाचे प्रमुख म्हणून त्यांनी एक पिढी घडवली. १९३८ च्या हरिपुरा काँग्रेससाठी त्यांनी रंगवलेल्या फलकांत सुतार, ढोलकीवाले, शेतकरी आहेत. त्यांच्या अंगलटीत अजिंठा आहे, पण अजिंठ्यातील एकही आकृती उचललेली नाही. सय्यद अहमद हैदराबाद राज्याच्या पुरातत्त्व खात्यात राहिले आणि पुढे अजिंठ्याच्या लेण्यांचे अभिरक्षक झाले. हे खाते १९१४ साली गुलाम याझदानी यांच्या नेतृत्वाखाली सुरू झाले होते. सय्यद अहमद यांच्या नकलांचा विश्वासूपणा हा त्यांचा पराक्रम होता. कलेच्या इतिहासात नंदलालांना पाने मिळतात आणि सय्यद अहमद यांना एखादी ओळ, हा न्याय मला पुरता पटत नाही. ज्या भिंतीवरील रंग आज झडले आहेत, त्यांची साक्ष द्यायला असा निष्ठावंत नकलाकारच लागतो. परंतु आपला प्रश्न चित्रविद्या शिकण्याचा आहे, आणि तेथे फरक मान्य करावा लागतो. नंदलालांनी उतरवलेला कागद बाजूला ठेवून ती रेषा दुसऱ्या विषयावर चालवून पाहिली. शिकणे त्या क्षणी सुरू झाले.

अजिंठ्याची ही रेषा पुढे आपल्या जिल्ह्यातही आली, पण वेगळ्या वाटेने. ११ ऑक्टोबर २०१६ पर्यंत निर्मल हे आदिलाबाद जिल्ह्यातच होते. त्या दिवशी त्याचा स्वतंत्र जिल्हा झाला. तेथील नक्काश कारागीर पोनिकी नावाच्या हलक्या लाकडाची खेळणी करतात आणि लाकडी पाटांवर गडद पार्श्वभूमीवर सोनेरी झळाळीची चित्रे रंगवतात. ही झळाळी आणण्यासाठी पूर्वी वनस्पतींचा अर्क जवसाच्या तेलात कढवून वापरीत. चेन्निनीचे तेल येथेही भेटावे, याची गंमत वाटते. या चित्रांचे आवडते विषय म्हणजे मोगल लघुचित्रे आणि अजिंठ्याच्या आकृती. नमुना पातळ कागदावर असतो. त्याच्या रेषा खडूच्या भुकटीने पाटावर उतरवतात आणि मग कुंचला चालतो.

येथे काही टीकाकार नाक मुरडतात : हे तर छापे मारणे झाले. त्यांनी कारागिराला काम करताना पाहावे. भुकटीची रेषा हाताच्या स्पर्शानेही पुसते. ती फक्त जागा सांगते, आणि तेही थोडा वेळ. भुवईची कमान कुंचल्याच्या एका ओढीत काढायची असते, तेथे गिरवायला वेळच नसतो. घरातल्या मुलाच्या हाती प्रथम अस्तर, मग सपाट रंग, आणि चेहऱ्याची रेषा सर्वांत शेवटी, अशी ही विद्या चढत जाते. म्हणजे निर्मलच्या कारागिराचा हात उसना नाही. उसनी आहे ती रचना. बाजाराला तेच तेच नमुने हवे असतात, म्हणून कागद बदलत नाही; कागद बदलत नाही, म्हणून नवी रचना करण्याची सवय राहत नाही. हा दोष अनुरेखनाचा कमी आणि गिऱ्हाइकाचा अधिक आहे.

या इतिहासाला अलीकडील प्रयोगांचाही आधार मिळतो. अमेरिकेतील डेल कोहेन आणि सुझन बेनेट या मानसशास्त्रज्ञांनी १९९७ साली एक साधा प्रश्न विचारला : बहुतेक माणसांना समोर दिसते ते काढता का येत नाही? कारणे चार संभवतात. वस्तू चुकीची दिसते, काय घ्यावे व काय सोडावे हे कळत नाही, हात साथ देत नाही, किंवा स्वतःचे चित्रच नीट दिसत नाही. हाताचा दोष तपासण्यासाठी त्यांनी लोकांना छायाचित्रांवरून गिरवायला लावले. गिरवलेली चित्रे चांगली बिनचूक आली. म्हणजे हातात फारशी खोट नव्हती. मुख्य चूक वस्तू पाहण्यातच होती. कोहेन यांनी २००५ मध्ये आणखी एक गोष्ट दाखवली : ज्यांची नजर वस्तू आणि कागद यांच्यामध्ये वरचेवर ये-जा करते, त्यांची चित्रे अधिक अचूक येतात. गिरवताना ही ये-जा संपूर्ण थांबते. नजर एकाच रेषेला चिकटून राहते. म्हणून गिरवण्याने नेमका तोच भाग कोरा राहतो, ज्यात आपण कमी पडतो.

हेन्री फॉक्स टॉल्बट या इंग्रज विद्वानाची गोष्ट याला जोडून सांगण्यासारखी आहे. १८३३ साली तो इटलीतील कोमो सरोवराकाठी ‘कॅमेरा ल्युसिडा’ नावाचे लोलकाचे उपकरण घेऊन बसला. त्यातून पाहिले की समोरचा देखावा कागदावर पडल्यासारखा दिसतो. त्याच्यावरून पेन्सिल फिरवायची, एवढेच काम. पण लोलकावरून डोळा काढला की कागदावर निव्वळ निर्जीव खुणा उरलेल्या दिसत. वैतागून त्याने विचार केला, हे प्रतिबिंब आपोआपच कागदावर टिकले तर? छायाचित्रणाच्या एका शाखेचा उगम असा, चित्र काढता न आल्यातून झाला. गिरवण्याचे सर्वोत्तम साधन हाती असूनही जागा मिळतात, चित्र मिळत नाही, याचा यापेक्षा प्रांजळ दाखला सापडणे कठीण.

मग वर्गात काय करावे? सेवाग्राम आपल्यापासून फार दूर नाही. तेथे नई तालीमच्या शाळेत १९४४ पासून कलाशिक्षक असलेले देवीप्रसाद हे मुलाच्या स्वतःच्या अभिव्यक्तीचे कट्टर पुरस्कर्ते होते. मोठ्यांच्या नमुन्यांची नक्कल त्यांना मान्य नव्हती. लहान वयापुरते ते योग्यच आहे. पाच-सहा वर्षांच्या मुलाला त्याच्या मनातील घर काढू द्यावे. छापील मोरावर रंग भरायला देऊन त्याचा मोर मारू नये. परंतु दहा-बारा वर्षांच्या मुलाला स्वतःच्या चित्रातील चुका दिसू लागतात आणि त्या दुरुस्त करता येत नाहीत म्हणून ते खचते. त्या वेळी त्याला ‘मनाने काढ’ एवढेच सांगणे निर्दयपणाचे आहे. तेथे पातळ कागद उपयोगी पडतो, पण क्रम उलटा करून.

मुलाने आधी नमुना समोर ठेवून, नुसते पाहून चित्र काढावे. मग नमुन्यावर पातळ कागद ठेवून बाह्यरेषा उतरवावी आणि ती आपल्या चित्रावर ठेवून पाहावी. कोपर कोठे घसरले, मान किती लांबली, हे शिक्षकाने न रागावता कागदच सांगतो. मग तो कागद बाजूला ठेवून चित्र तिसऱ्यांदा काढावे, शक्य तर दुसऱ्या दिवशी आणि नमुना न पाहता. महाराष्ट्रातील एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या रेखाकला परीक्षांत स्मरणचित्राची स्वतंत्र प्रश्नपत्रिका ठेवणाऱ्यांनी मोठे शहाणपण दाखवले. नुसते गिरवणारा मुलगा तेथे उघडा पडतो. ज्याने पाहिले आहे, तो तरतो. आपल्याकडील लोअर आणि हायर परीक्षांना बसणाऱ्या मुलांनाही हा सराव उपयोगी पडेल. ज्या शाळेत चित्रकलेचा स्वतंत्र शिक्षक नाही, तेथे तर ही पद्धत विशेष सोयीची, कारण चूक दाखवण्याचे काम पातळ कागद करतो.

या जिल्ह्यातील मुलींना याहूनही जुनी एक शाळा उपलब्ध आहे. सकाळी अंगणात तेलुगू घरची मुलगी मुग्गू घालते आणि शेजारची मराठी मुलगी ठिपक्यांची रांगोळी. ठिपके आधी मोजून मांडायचे, आणि रेषा मात्र बोटांतून, न थांबता, डोळ्याच्या अंदाजाने सोडायची. ठिपके जागा देतात, रेषा देत नाहीत. आईची रांगोळी पाहून मुलगी वहीत उतरवते, पुढच्या वर्षी त्यात दोन ठिपके वाढवते, आणि कधीतरी ठिपक्यांशिवायच वेल काढते. तिच्या वहीची पाने क्रमाने उलटून पाहिली, तर कोणत्या पानावर गिरवणे थांबले आणि रेखाटणे सुरू झाले, हे बोट ठेवून दाखवता येते. शाळेने अशा काही वह्या मागवून चित्रकलेच्या खोलीत लावाव्यात, एवढी एक विनंती मुख्याध्यापकांना करतो.